उजवी बाही

कारखान्याने मागवलेली लोकर आली ती पांढरी,
आणि गाडीही पांढरीच.
फोटोत काय दिसणार?
मग घरी जाऊन मी वेंडेलीनचा तपकिरी स्वेटर उसवला,
गळ्यापासून.
तसाही पाच वर्षं कपाटात तो कुणाची थंडी राखत होता?

बोटभर लांबीचे तीनशे बारा तुकडे.
चिकटपट्टीने एकेक लावला, नाकावर, छपरावर,
मागच्या उतरत्या पाठीवर.
राडोवान ड्रायव्हर म्हणाला, बोहदाना, गाडीला खरूज झाली.

या गाडीला पाणी लागत नाही.
ना रेडिएटर, ना नळ्या, ना हिवाळ्यात गोठायची भीती.
पुढच्या झाकणाखाली सुटं चाक आणि कुणाचे तरी बटाटे.
सगळी आग पाठीमागे, आठ सिलिंडर,
त्यांच्या अंगावर पातळ पत्र्यांच्या चुण्या आणि एक पंखा.
बाकी सगळं उधारीवर, वाऱ्याच्या.

पण जुलैत बेस्किडीचा घाट चढताना
तेल इतकं तापायचं की त्यावर अंडी तळावीत.
हाव्रलांटसाहेबांनी मागच्या झाकणाला झरोके पाडले. दहा.
मग वीस.
जितके झरोके तितकं इंजिन गरम.
बैठकीत ते म्हणाले, दोष तेलाचा.
तेल त्या साली मित्रराष्ट्राकडून येत होतं,
म्हणून पुढच्या बैठकीत दोष हवामानाचा झाला.
वारा वाहील तशी पाठ द्यावी.
आमच्या कारखान्यात हे सगळ्यांना जमत होतं,
एका गाडीला सोडून.

पहाटे साडेचार, विमानतळाची ओसाड धावपट्टी.
मी शेजारच्या गाडीत, काच खाली, मांडीवर कॅमेरा.
साठला धागे चुळबुळले.
नव्वदला निजले,
नाकापासून छपरापर्यंत सगळे एका दिशेने,
शाळेच्या फोटोआधी आई पाणी लावून भांग पाडायची तसे.
मग छप्पर जिथे उतरायला लागतं
तिथून चार बोटं खाली
भांग मोडला.
धागे भांबावले, स्वतःभोवती फिरले,
झरोक्यांच्या तोंडाशी तर ताठ उभे राहिले,
बाहेरच्या बाजूला.
श्वासासाठी पाडलेल्या भोकांतून
गाडी उसासे टाकत होती.

आणि सगळ्यात खालची ओळ –
ती पुढे वळली होती.
नव्वदच्या वेगाने धावणाऱ्या गाडीच्या पाठीवर
वेंडेलीनच्या स्वेटरची सतरा टोकं
गाडी जाते त्याच दिशेला बोट दाखवत होती.
आपण समजतो, वारा मागे पडला.
तो थोडा लांब जातो,
वळतो,
आणि पाठीला लागतो.

वेंडेलीन सरहद्दीकडे गेला त्या संध्याकाळी
मी दाराकडे पाठ करून भांडी घासत होते.
येतो म्हणाला होता की जातो, नळाच्या आवाजात नीट कळलं नाही.

फोटो झाले होते. थांबा असा हात करायला हवा होता.
मी आणखी एक फेरी होऊ दिली.
गरज नव्हती.

हाव्रलांटसाहेब फोटो भिंगाखाली धरून बसले.
बऱ्याच वेळाने म्हणाले, लोकर कुठली?
घरची, म्हटलं.
त्यांनी मान खाली घातली, आणि आणखी काही विचारलं नाही,
त्याबद्दल मी त्यांचं थोडं माफ केलं.

झरोके बुजवले. मागच्या दोन्ही मडगार्डांवर दोन कान काढले,
पुढे तोंड केलेले, अंगापासून जरा सुटे,
जिथे वारा अजून सरळ बोलतो.
ऑगस्टात गाडी एका दमात घाट चढली,
वर पोचून वारा प्यालेल्या वासरासारखी थरथरत उभी राहिली,
आणि राडोवानने तेलाच्या काट्यावर टिचकी मारून पाहिली,
बंद पडला की काय म्हणून.
आराखड्यावर सही साहेबांची.

उजवी बाही उसवायची राहून गेली.
डब्यात आहे, डांबराच्या गोळ्यांसोबत.
कुणी नवी गाडी काढलीच तर.